‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आला? या चुका टाळा

सगळ्या फायली बिनबोभाट कंपाइल होतात, शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे सगळे तुकडे एकत्र जोडताना (लिंकिंग), मेक हे बिल्डचं साधन कोसळतं आणि पडदाभर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू’: अमुक नाव वापरलंय, पण जोडणाऱ्या लिंकरला ते कुठेच सापडलं नाही. गोव्यात दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत असा वा ताळगाव पठारावरच्या विद्यापीठात, फोर्ट्रानमधलं समुद्राचं मॉडेल पहिल्यांदा बांधताना हे होणारच. त्यावर लगेच अख्खी लायब्ररी पुन्हा इन्स्टॉल करायला बसणं ही सर्वांत महागडी चूक. एकाच लायब्ररीच्या दोन प्रती होतात आणि घोळ दुप्पट.

आधी न सापडलेलं नाव वाचा. ‘डीजेम_’ असेल तर ब्लास (मॅट्रिक्सच्या गणिताची लायब्ररी) जोडायची राहिली. ‘_जीफोर्ट्रान_’ने सुरू होणारी नावं दिसली तर फोर्ट्रानचे ऑब्जेक्ट (कंपाइल झालेल्या फायली) जीसीसी या सी कंपायलरने लिंक करताय, ते काम जीफोर्ट्रान या फोर्ट्रान कंपायलरकडे द्या. तुमच्याच सबरूटीनचं नाव असेल तर बहुधा ती फाइल मेकफाइलच्या (मेकला सूचना देणाऱ्या फायलीच्या) यादीतच नाही.

‘एनएफ९०’ दिसलं तर गाठ नेटसीडीएफशी, म्हणजे डेटा फायली वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या लायब्ररीशी. 4.2 आवृत्तीपासून तिचा फोर्ट्रानचा भाग वेगळा दिला जातो, त्याची लायब्ररीही वेगळी, पण सीनियरकडून वारशाने आलेल्या मेकफायलीत अजून एकटं ‘-एलनेटसीडीएफ’च असतं. ‘-एलनेटसीडीएफएफ’ हवं, तेही त्याच्या आधी. स्टॅटिक लायब्ररीतून (जिचा कोड प्रोग्राममध्येच कॉपी होतो) लिंकर तोवर मागितलेलंच उचलतो आणि पुढे जातो, मागे वळत नाही. म्हणून ऑब्जेक्ट फायली आधी, लायब्ररी नंतर. उबुंटूवर शेअर्ड लायब्ररीलाही (जी प्रोग्राम चालताना वेगळी उघडली जाते) हा क्रम भोवतो. अंदाज बांधण्यापेक्षा ‘एनएफ-कॉन्फिग --एफलिब्ज’ जे छापेल ते जसंच्या तसं घ्या. तरीही शंका असेल तर लायब्ररीवर ‘एनएम’ (आतल्या नावांची यादी देणारी कमांड) चालवा: नावाआधी ‘टी’ म्हणजे फंक्शन तिथेच आहे, ‘यू’ म्हणजे तीही ते बाहेरूनच मागतेय.

जुना सी कोड अचानक ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणू लागला? 2020 मध्ये आलेल्या जीसीसी 10 ने डिफॉल्ट बदलला: एकच ग्लोबल व्हेरिएबल अनेक फायलींत जाहीर केलं तर आधी ते गुपचूप एक व्हायचं, आता चूक ठरतं. हेडरमधल्या ग्लोबल व्हेरिएबलला ‘एक्स्टर्न’ लावा आणि व्याख्या एकाच सी फायलीत ठेवा. जुनी वागणूक परत आणणाऱ्या ‘-एफकॉमन’ने वेळ मारून नेता येते, पण पेपरची तारीख डोक्यावर असेल तरच.

‘रीलोकेशन ट्रंकेटेड टू फिट’चा लायब्ररीशी सहसा संबंध नसतो. अख्ख्या अरबी समुद्राची बारीक जाळी कॉमन ब्लॉकमध्ये (फोर्ट्रानमधली ठरावीक आकाराची सामायिक जागा) कोंबली आणि स्टॅटिक डेटा 2 जीबीपलीकडे गेला की हे होतं. ‘-एमसीमॉडेल=मीडियम’ चालतं; खरा उपाय अ‍ॅलोकेटेबल अ‍ॅरे, ज्यांना जागा प्रोग्राम चालताना मिळते.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक भानगड. ऐन बिल्डमध्ये वीज जाते, एखादी ऑब्जेक्ट फाइल अर्धवट किंवा रिकामी राहते, आणि तिची तारीख ताजी असल्यामुळे मेक तिला हातही लावत नाही. ‘फाइल ट्रंकेटेड’ दिसलं की कोड उकरू नका, ‘मेक क्लीन’ करा.

आणि प्रोग्राम बनला, पण चालवताना शेअर्ड लायब्ररी सापडत नसेल, तर लिंकिंगच्या ओळीत लायब्रऱ्या मागेपुढे करून काही साधणार नाही. ‘एलडीडी’ने (प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्या दाखवणारी कमांड) ‘नॉट फाउंड’ कोणती ते बघा आणि तिचा फोल्डर आरपाथमध्ये (प्रोग्राममध्येच नोंदवलेला शोधमार्ग) किंवा ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये घाला. क्लस्टरवर मात्र ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ जॉब स्क्रिप्टमध्येच लिहा.