टसर पतंग पाहताना या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यात गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात ऐनाची झाडं उघडीबोडकी उभी असतात आणि एखाद्या डहाळीला लहान अंड्याएवढा, राखाडी-पिवळट, टणक कोष लोंबत असतो. झाडाला पान नाही, कोषात हालचाल नाही. पाहणाऱ्याला वाटतं, आतला जीव कधीच गेला. मग तो कोष तोडला जातो, पिशवीत पडतो आणि घरातल्या फळीवर शोभेला बसतो.

टसर पतंगाच्या, म्हणजे ज्याच्या कोषापासून टसर रेशीम मिळतं त्या रानटी पतंगाच्या, बाबतीत होणारी ही सगळ्यात मोठी चूक.

आतला प्यूपा, म्हणजे अळी आणि पतंग यांच्या मधली अवस्था, जिवंत असतो, झोपलेला असतो. बहुतेक ठिकाणी या पतंगाच्या वर्षाला दोन पिढ्या होतात, काही ठिकाणी तीन. शेवटच्या पिढीच्या अळ्या हिवाळ्यात कोष विणतात आणि त्यातला प्यूपा पाऊस लागेपर्यंत तसाच थांबतो. उन्हाळ्यात बाहेर येऊन उपयोग नाही. अळ्यांना खायला कोवळं पानच नसतं. पानगळीच्या झाडावर इतके महिने लटकून राहायचं, तर कोष पानाला चिकटवून चालणार नाही. म्हणून विणायला बसलेली अळी आधी डहाळीभोवती रेशमाचं घट्ट कडं घालते, त्याला मजबूत देठ काढते आणि त्या देठाला कोष लावते. शेवटी कॅल्शियम ऑक्सलेट असलेला द्रव सोडून तो कडक करते. झाडाची पानं झडतात, कोष जागचा हलत नाही. हे कडं मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा बराच वेळ त्या झाडाखालून पाय निघाला नव्हता.

तरीही एका वर्षी मी असा कोष घरी आणला होता. काचेच्या बरणीत ठेवला, तोंडाला जाळी बांधली. जूनमध्ये मादी बाहेर आली. नव्या पतंगाचे पंख ओल्या कापडासारखे लुळे असतात. उंच जागी पाय रोवून, पंख खाली सोडून लटकलं तरच ते भरतात आणि सरळ वाळतात. गुळगुळीत काचेवर तिला पाय रोवता आले नाहीत. पंख चुरगळलेलेच वाळले. तिने बरणीतच अंडी घातली, नर न भेटलेली, म्हणजे वांझ. कोष झाडावरच राहू द्या, असं मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो. वादळात मोडून पडलेली फांदी सापडली, तर डहाळीसकट कोष जवळच्या झाडाला सावलीत बांधा, लांबच्या जंगलात नेऊ नका. पेब्रिनसारखा रोग मादीकडून अंड्यांत उतरतो, आणि आपण कोषाबरोबर तोही हलवतो.

आणखी एक लक्षात घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्यातल्या गौण वनउपजांच्या व्याख्येत टसर आणि कोष यांची नावं स्पष्ट लिहिलेली आहेत. ते गोळा करण्याचा हक्क त्या जंगलावर जगणाऱ्यांचा आहे, सहलीला आलेल्याचा नाही.

भोक दिसलं म्हणजे पतंग उडाला, असं नव्हे

पतंग नेहमी कोषाच्या देठाकडच्या टोकातून बाहेर येतो. तो एक पाचक रस सोडतो, त्याने रेशमाचा चिकट भाग मऊ होतो आणि धागे बाजूला सारून तो वाट काढतो. त्यामुळे ती जागा विस्कटलेली दिसते, धागे तुटलेले नसतात. कोषाला नीट कोरल्यासारखं लहान गोल भोक असेल, तर आतला प्यूपा बहुधा परजीवी किड्याने खाल्लेला असतो. उझी माशी अळीच्या अंगावर अंडी घालते आणि तिच्या अळ्या टसरच्या अळीला आतून पोखरतात. पिवळ्या माशीची मादी तर कोष विणला जात असताना आत अंडं घालते. नोंद करताना हा फरक लिहा, नाहीतर मेलेला कोष ‘यशस्वी’ म्हणून मोजला जातो.

निश्चल अळीला हात लावू नका

अळी हिरवी, जाड, बोटाहून लांब होते; अंगावर लहान गाठी आणि कडेला चंदेरी ठिपके असतात. ती चार वेळा कात टाकते. कातेच्या वेळी डोकं उचलून, खाणं सोडून साधारण दिवसभर ती एका जागी बसते. आजारी आहे असं वाटून लोक तिला काडीने हलवतात किंवा ‘चांगल्या’ फांदीवर नेतात. तिने पाय रेशमाने फांदीला बांधून घेतलेले असतात. ओढली की जुनी कातडी नीट सुटत नाही आणि अळी त्यातच मरते. ताज्या फांदीवर न्यायचंच असेल, तर ती खात असताना, बसलेल्या पानासकट न्या.

ओळखताना होणारी गल्लत

मोठा पतंग दिसला की त्याला ‘अॅटलस’ म्हणून टाकतात. अॅटलसच्या पंखांवर पारदर्शक त्रिकोण असतात. टसरच्या चारही पंखांवर गोल डोळे आणि त्यांच्या मध्यभागी काचेसारखा ठिपका. नर बहुधा विटकरी-तपकिरी, मादी पिवळी किंवा राखाडी, म्हणून एकाच जातीच्या दोन जाती मोजल्या जातात. रंगावर जाऊ नका, मिशा पाहा: नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात, कारण मादीचा गंध त्याला लांबून टिपायचा असतो.

साखरपाणी देऊ नका

टसर पतंग काहीच खात नाही. त्याला काम करणारं तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्यावर तो आठवडाभर जगतो, आणि तेवढ्या दिवसांत जोडीदार शोधून अंडी घालायची असतात. त्याच्या डोक्याशी साखरपाण्याचा कापूस टेकवून आपण फक्त त्याचे पंख ओले करतो. विश्रामगृहाच्या दिव्याखाली घिरट्या घालण्यातही त्याची एखादी रात्र वाया जाते. पावसाळ्यात जंगलात मुक्काम असेल, तर बाहेरचा दिवा बंद करा. सकाळी भिंतीला बसलेला पतंग सापडला, तर त्याच्या पायांपुढे काडी धरा. तो स्वतः चढला की ती काडी ऐन किंवा अर्जुनाच्या सावलीतल्या खोडाशी टेकवा. अंधार पडला की तो उडेल.