मारहाण झाली तर आधी दवाखाना, बैठक नंतर

पेरणी तोंडावर आली की आपल्याकडं बांध कोरल्यावरून भांडणं लागतेतच, बीड असो का परभणी. मार खाल्लेला माणूस घरी येऊन हळद लावून झोपतो, आणि सकाळी चार जाणते येतेत, म्हणतेत मिटवून घ्या, भावकी हाय. मिटवायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण त्याच्या आधी अंगावरची जखम सरकारी कागदावर आली पाहिजे.

मार चालू असतानाच कुणालातरी ११२ लावायला सांगा. मग थेट ग्रामीण रुग्णालय नाहीतर सिव्हिल, आणि डॉक्टरला सरळ सांगा की मारहाण झालीय, एमएलसी करा, म्हणजे पोलीस केससाठी जखमांची दवाखान्यात नोंद. लाजेपोटी "पडलो" सांगणारे लई असतेत, मग कोर्टात समोरचा वकील तोच कागद पुढं करतो. बोट सुजलं असंल तरी एक्स-रे मागा, कारण खरा फरक तिथंच पडतो. साधा मार म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ११५(२), त्यात नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होती, कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पण हाड मोडलं, दात पडला, किंवा १५ दिवस रोजची कामं करता आली नाहीत (जुन्या कायद्यात हे २० दिवस होते) तर ती गंभीर दुखापत, कलम ११७, ७ वर्षांपर्यंत शिक्षा. कोयता, कुऱ्हाड, चाकू वापरला तर जखम छोटी असली तरी ११८ लागतं आणि एफआयआर घ्यावाच लागतो. आधी एनसी झाली आणि मागून फ्रॅक्चर निघालं तर रिपोर्ट घेऊन परत ठाण्यात जा, कलम वाढवून मागा.

फिर्याद तोंडी दिली तरी चालती, पण वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. कुणी काय हातात घेऊन कुठं मारलं ते नीट सांगा, आणि रागात त्यांच्या म्हाताऱ्या आईचं नाव घुसडू नका, ती घरी होती हे सिद्ध झालं की तुमची खरी गोष्टही खोटी वाटायला लागती. एफआयआरची कॉपी फुकट मिळते.

"आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर ऐकून माघारी येऊ नका. ऊसतोडीला गेलेल्या माणसाला कोल्हापूरकडं फडावर मारलं तरी तो आपल्या गावच्या ठाण्यात झिरो एफआयआर देऊ शकतो, म्हणजे गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला तरी नोंदवायची फिर्याद. घेतच नसतील तर एसपींना (जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांना) लेखी अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवा, पावती जपा, तरी हाललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो. एनसीतही तपासाचा आदेश तिथंच मागायचा, आणि ११५(२) च्या केसला मुदत एकच वर्षाची हाय, बैठकांमधी ती कधी सरती कळत नाही.

वकिलाच्या फीचं म्हणाल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असती. बाया, एससी-एसटी यांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची अट हाय, १५१०० वर फोन करून विचारा. जातीवरून मारलं असंल तर ॲट्रॉसिटीचं (एससी-एसटीवरच्या अत्याचाराच्या कायद्याचं) कलम फिर्यादीतच यायला पाहिजे, म्हणून शिवी दिली असंल तर ती जशीच्या तशी सांगा, ठाण्यात बोलायला जड जातं तरी.