लेखनाचं वार्षिक नियोजन करताना या चुका टाळा

शाळा उघडायच्या आठवड्यात शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकच विचारणा फिरत असते, "वार्षिक नियोजनाची पीडीएफ आहे का कुणाकडे?" पीडीएफ मिळते, वर शाळेचं नाव बदललं जातं आणि लेखनाच्या रकान्यात मागच्याच वर्षीचे विषय उतरतात. माझी आई, पावसाळा, माझा आवडता सण, मी पक्षी झालो तर. मीही काही वर्षं असंच करत होतो. मग एका मार्चमध्ये चौथीच्या मुलांच्या जूनच्या आणि मार्चच्या वह्या शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या. ओळी वाढल्या होत्या, अक्षर सुधारलं होतं, पण "माझी आई खूप प्रेमळ आहे" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक वहीत जसंच्या तसं होतं. फळ्यावरून ते मीच उतरवून दिलं होतं.

विषय फार, फेऱ्या कमी

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान 200 दिवस शाळा भरायला हवी. मूल्यमापनाचे दिवस, स्पर्धा, सहली, जयंत्या वजा केल्या की लेखनासाठी तीसेक आठवडे हाती येतात. आपण तीस आठवड्यांना तीस विषय लावतो. मूल एकदा लिहितं, वही तपासून परत मिळते, विषय संपतो. लिहिलेलं पुन्हा हातात घ्यायचं असतं, हे त्याला कधी कळतच नाही.

आठच विषय घ्या आणि एकेकाला तीन ते चार आठवडे द्या. पहिला आठवडा नुसत्या गप्पांचा, चित्रांचा. दुसऱ्यात कच्चं लेखन. तिसऱ्यात जोडीदाराला वाचून दाखवायचं, त्याने दोन प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लेखनात घालायची. चौथ्यात पक्की प्रत. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीकडच्या आमच्या शाळेत एकाने लिहिलं होतं, "मी द्राक्षाच्या बागेत गेलो. मजा आली." जोडीदाराने विचारलं, "तुझी आई तिथं काय करत होती? आणि तू?" दुसऱ्या कच्च्या प्रतीत आलं, "आई थिनिंग करत होती. घडातले बारीक मणी कात्रीने काढायचे. मी सावलीत बाळाची झोळी हलवत होतो." ही भर मी घालायला सांगितली नव्हती. त्या दोन प्रश्नांनी ती बाहेर आली. म्हणून नियोजनाच्या तक्त्यात विषयाइतकाच ठळक 'पुन्हा लेखन' असा रकाना हवा. तो नसेल तर तो तास पहिल्यांदा कापला जातो.

शाळेचं कॅलेंडर पाहिलं, गावाचं नाही

नाशिक जिल्ह्यात हे विसरून चालत नाही. द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास होते आणि त्यानंतर बागांतली कामं वाढत जातात. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांवर मजुरीला येतात. म्हणजे दिवाळीनंतर एका शाळेचा पट रिकामा होतो आणि दुसरीकडे नवीन मुलं येऊन बसतात. जूनमध्ये सुरू केलेला लांबलचक प्रकल्प इथेच मोडतो.

त्यासाठी वर्षाचे दोन स्वतंत्र भाग करा. जून ते दिवाळीचं काम दिवाळीपूर्वी पूर्ण व्हायला हवं. सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात सगळ्यांकडून पुन्हा एक साधा परिच्छेद लिहून घ्या, जुन्यांकडूनही. नवीन आलेलं मूल कुठे आहे ते त्यातून समजतं आणि त्याला एकट्याला वेगळं काढून तपासल्यासारखं वाटत नाही. आपल्याकडची मुलं बाहेर गेली असतील तर पत्रलेखन याच काळात घ्या. खऱ्या मित्राला पत्र लिहायचं असलं की मायन्याचा तक्ता फारसा समजवावा लागत नाही.

विषयही इथूनच मिळतात. कांद्याचं रोप कसं लावतात हे क्रमाने लिहायचं असेल तर ते लागवड चालू असताना घ्या. रंगपंचमीला नाशिक शहरातल्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेले मोठे हौद, पाहून आलेल्या मुलाला 'माझा आवडता सण' पाठ करावा लागत नाही.

लाल पेनाने सगळंच खोडलं

दहा ओळींत पंधरा लाल खुणा दिसल्या की मूल पुढच्या वेळी चारच ओळी लिहितं, तीही ज्यांत चूक होणार नाही अशी. राज्यात मान्य असलेले लेखनाचे नियम 18 आहेत. त्यातले 14 नियम 1962 साली आले, उरलेले 4 1972 साली. प्राथमिकच्या मुलाला त्यातले चार-पाच नीट आले तरी वही बदलते. महिन्याला एक नियम धरा. जुलैत फक्त शब्दाच्या शेवटचं दीर्घ अक्षर: पाणी, वाटी, लाडू. ऑगस्टमध्ये फूल पण फुलाला, विहीर पण विहिरीत. त्या महिन्यात तेवढीच खूण करा, बाकीचं दिसलं तरी सोडून द्या. हे सुरुवातीला जड जातं, पालकही विचारतात. पालकसभेत आधीच सांगून ठेवा.

कच्च्या लेखनात बोलीला तर खूण करूच नका. सटाणा, मालेगावकडचं अहिराणी बोलणारं मूल "मना भाऊ" लिहील, पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी कोकणी बोली बोलणारं मूल त्याचा शब्द लिहील. तो शब्द फळ्यावर घ्या, शेजारी "माझा भाऊ" लिहा, दोन्ही वाचा. पक्की प्रत करताना मूल आपण होऊन निवडतं. पहिल्याच ओळीला त्याच्या आईची भाषा चूक ठरली तर दुसरी ओळ येत नाही.

बाकीच्या अडचणी थोडक्यात

"काय लिहू?" असं अर्धा वर्ग विचारत असेल तर गप्पांचा आठवडा कापला गेला आहे. सगळ्यांचं लेखन सारखंच येत असेल तर फळ्यावरचा नमुना पुसा. अक्षर सुंदर पण मजकूर पोकळ असेल तर अनुलेखनाचे (पाहून लिहायचे) आणि स्वयंलेखनाचे (मनाने लिहायचे) तास वेगळे करा, दुरेघी वही फक्त अनुलेखनाला. दोनशिक्षकी शाळेत चार इयत्तांना चार विषय देऊ नका. विषय एकच, पहिलीने चित्र काढून नावं लिहायची, दुसरीने वाक्यं, तिसरी-चौथीने परिच्छेद.

पक्क्या प्रतीला ऐकणारे हवेत, आणि त्यासाठी वेगळा कार्यक्रम लागत नाही. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन शाळेत होतातच. 27 फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, आणि ते नाशिकचे, म्हणून इथे तो जरा जास्तच उत्साहाने होतो. त्या दिवशी पाठ केलेल्या भाषणांऐवजी मुलांनी स्वतःचं पान वाचावं. तक्त्यात आधी या दोन तारखा लिहा आणि तिथून मागे आठवडे मोजत या.

एप्रिलमध्ये प्रत्येक मुलाचं जूनचं एक पान आणि आत्ताचं एक पान एकाच फाईलला लावा. खाली तुमच्या हाताने एक ओळ लिहा, या मुलाला पुढच्या जूनमध्ये काय द्यावं याची. फाईल पुढच्या वर्गशिक्षकांच्या हातात द्या, कपाटात नको.