घरच्या घरी अल्बम रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

मिक्सिंगला बसल्यावर खटकणाऱ्या बहुतेक गोष्टी मिक्सिंगमध्ये बिघडलेल्याच नसतात. त्या रेकॉर्डचं बटण दाबण्याआधीच बिघडलेल्या असतात आणि कुठलाही प्लगइन (आवाजावर काम करणारं जोड-सॉफ्टवेअर) त्या पुरत्या सुधारत नाही. खालच्या चुका गळा, पेटी, तबला-डग्गा आणि मागे थोडा कीबोर्ड अशा भावगीत-अभंगांच्या अल्बमसाठी आहेत.

पेटी एका सुरात, बाकीचे दुसऱ्या

सगळ्यात महागात पडते ती ही. कीबोर्ड आणि सॉफ्टवेअरमधली वाद्यं पांढरी सहा म्हणजे ४४० हर्ट्झ धरून चालतात. तुमची पेटी तशीच लावलेली असेल याची खात्री नाही. ती ४४२ वर असेल तर जवळजवळ ८ सेंट चढी झाली (शेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). नुसत्या गाण्यामागे हे कुणाला कळणारही नाही. पण पेटीच्या सुरावर कीबोर्डचा लांब सूर ठेवला की आवाज हेलकावे खायला लागतो. गायक बिचारा दोघांच्या मधे कुठेतरी गातो. मग ‘गळा कणसूर लागतोय’ म्हणून त्याच्यावर ऑटोट्यून (सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) चढतो, आणि तो गळ्याला ओढतो ४४० कडे, म्हणजे पेटीपासून आणखी लांब. वर मींड सपाट होते ती वेगळीच.

म्हणून आधी पेटी मोजा. कप्लर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातलीही वाजवणारी सोय) बंद ठेवा आणि सुरांचा एकच संच उघडा, नाहीतर दोन सुऱ्यांच्या (पेटीत सूर काढणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) भांडणात ट्यूनरचा काटा स्थिर राहत नाही. भाता रोज वाजवता तेवढ्याच जोराने मारा, कारण हवेचा दाब वाढला की सुरी किंचित उतरते, खर्जातली जास्तच. पांढरी सहाचा आकडा कागदावर लिहा आणि कीबोर्डचा मास्टर ट्यून, तानपुऱ्याचं ॲप, गिटार, सगळं त्या आकड्यावर आणा. पेटी ऐन वेळी उतरवता येत नाही, बाकीच्यांना येते.

तबला त्याच सुराला लावा, पण एकदा लावून सोडून देऊ नका. दमट हवेत पुडी सैल पडून सूर उतरतो, एसीच्या कोरड्या हवेत चढतो. प्रत्येक टेकआधी सा ऐकून गरज पडेल तशी गजऱ्यावर हातोडी.

फोम चिकटवला म्हणजे खोली तयार झाली

नाही झाली. एक इंच जाडीचा फोम फक्त वरच्या पट्टीतला आवाज खातो. खालचा तसाच घुमत राहतो आणि गळा डब्यातून आल्यासारखा लागतो. त्यापेक्षा दोन जाड गोधड्या किंवा उभी केलेली कापसाची गादी परवडली. ती ठेवायची गायकाच्या पाठीमागे. बरेच जण माइकच्या मागे ठेवतात. पण कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो. गायकामागची भिंतच माइकच्या तोंडासमोर असते. माइकची पाठ खिडकीकडे करा, म्हणजे रिक्षाचा आवाज त्यातल्या त्यात कमी येईल.

दहा बाय दहाच्या खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या पटींत आवाज साचतो. डग्गा कोपऱ्यात ठेवला तर बदबदतो, खोलीच्या बरोबर मध्यावर पोकळ वाटतो. भिंतीपासून साधारण तीन-साडेतीन फुटांवर बसवून पाहा.

पंखा बंद, एसी बंद, फ्रिजही बंद. गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो परत सुरू केल्याशिवाय घराबाहेर पडता येणार नाही. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. नंतर तुकडे जोडताना मधली भोकं बुजवायला ती लागते.

गायक मागे का पडतो?

लयीला कच्चा म्हणून नव्हे, बफरमुळे, म्हणजे संगणक आवाज थोडा थोडा साठवून मग पुढे देतो त्यामुळे. ४८ किलोहर्ट्झला १०२४ चा बफर म्हणजे नुसत्या एका फेरीला २१ मिलिसेकंद उशीर. १२८ ला तो तीनच्या आत येतो. रेकॉर्डिंगला १२८, मिक्सिंगला १०२४. इंटरफेसवर (माइक संगणकाला जोडणाऱ्या डबीवर) डायरेक्ट मॉनिटरिंगचं, म्हणजे संगणकात न जाता आवाज थेट हेडफोनमध्ये देणारं, बटण असेल तर तेच वापरा. हेडफोन बंद कपांचा हवा, नाहीतर क्लिक (लयीसाठी कानात वाजणारी टिकटिक) आणि तानपुरा माइकमध्ये शिरतो आणि शांत आलापात टिकटिक ऐकू येते.

अभंग लय वाढवत न्यायचा असेल तर क्लिक लावूच नका. आधी पेटी-तबला एकत्र वाजवून घ्या, गळा त्यावर. तबल्याला दोन माइक लावलेत तर एकाची फेज (आवाजाच्या लाटेची दिशा) सॉफ्टवेअरमध्ये उलटून ऐका. सरळ-उलट यांपैकी ज्यात डग्गा भरदार वाटेल ते ठेवा.

लेव्हलची चूक सोपी आहे, तरी घराघरात होते. २४ बिटला सर्वांत मोठी तान उणे १० डीबीपर्यंत गेली की पुरे. लाल दिव्याजवळ जाण्यात काही मिळत नाही. माइकपासून वीतभर अंतर, मधे पॉप फिल्टर (प-फ म्हणताना येणारा फुंकर अडवणारी जाळी). मास्टर करताना, म्हणजे शेवटचा हात फिरवताना, उणे १४ लफ्स (गाण्याचा सरासरी जोर मोजायचं माप) आणि ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत उंच टोक) उणे १ धरा. त्याहून जोरात दिलेलं गाणं स्पॉटिफाय खालीच आणतं, तबल्याची चाट मात्र चेपलेली ती चेपलेलीच.

शब्द जुने, पण चाल कुणाची?

तुकाराम महाराजांचे शब्द सगळ्यांचे आहेत. श्रीनिवास खळ्यांनी बांधलेली चाल नाही. खळे २०११ मध्ये गेले, आणि भारतात रचनाकाराच्या पश्चात ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत. परवानगी घ्या, नाहीतर नवी चाल बांधा. हे रेकॉर्डिंगआधी ठरवायचं, अपलोडच्या आदल्या रात्री नव्हे.

स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी. वितरकाला (तुमचं गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी चढवणाऱ्या कंपनीला) फाइल पोचवायचा वेळ धरून तीन-चार आठवडे हातात ठेवा. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर नको. आणि कलाकाराचं नाव प्रत्येक गाण्याला अक्षरन् अक्षर एकाच स्पेलिंगने भरा. एका ठिकाणी एक ‘ए’ जास्त पडला तरी त्याच माणसाची दोन पानं तयार होतात आणि ती एकत्र करायला वितरकाशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं.