थार वाळवंटात गाडी न्यायच्या आधी या चुका टाळा राजेहो

दिवाळी झाली की फोन सुरू होतात. "भाऊ, डिसेंबरात जैसलमेरले जाऊन राहिलो, गाडीले काय काय लावू?" आणि मी काही बोलायच्या आत समोरचा स्वतःच यादी वाचून दाखवतो: लाइट बार, रूफ कॅरिअर, विंच (फसलेली गाडी रोपनं ओढून काढायची चरखी), स्नॉर्कल, तेहतीस इंची टायर. मी विचारतो, रेडिएटरचे होज (रबरी पाइप) कधी बदलले, कॉम्प्रेसर कोणता आहे, स्टेपनी त्याच साइजची आहे का, की मग समोरून आवाजच येत नाही. पैसा सगळा दिसणाऱ्या सामानावर जातो आणि वाळवंटात गाडी बंद पडते ती दीडशे रुपयाच्या पाइपमुळं, फ्यूजमुळं, नाहीतर क्रॉसमुळं (चाकांकडं जोर नेणाऱ्या शाफ्टचा सांधा). तर हे एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी फक्त पाठवून देईन.

हवा कमी न करणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि दर सीझनला नवीन पोट्टे करतात. रोडवर कंपनी सांगते तशी तीस-बत्तीस पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असते, तीच घेऊन धोऱ्यावर, म्हणजे रेतीच्या टेकडीवर, चढायला जातात. कन्हान नदीच्या रेतीवर गाडी चालवली म्हणून यांना वाटतं रेती समजली, पण कन्हानची रेती जाडी, आणि जैसलमेरकडची पिठासारखी बारीक, कोरडी, चाकाखालून सरकते. तिथं 18 पीएसआयपासून सुरू करायचं, जड गेलं तर 15, आणि खरंच फसलात तर 12, त्याच्या खाली जायचं नाही. हवा कमी केली की टायर पसरतं, रुंदीपेक्षा लांबीत जास्त, त्यामुळं गाडीचं वजन जास्त जागेवर बसतं आणि चाक खोदत नाही. एवढंच आहे त्यात. चार चाकांना दहा मिनिटं लागतात, पण दहा मिनिटं कोणालेच नसतात.

मागच्या एका ट्रिपला नागपुरातल्या मनीषनगरचा एक पोरगा सोबत होता, नवी कोरी थार गाडी, अजून सीटचं प्लॅस्टिक निघालं नव्हतं. जैसलमेरकडच्या रामगढच्या अलीकडं गावातल्या माणसाला विचारून आम्ही रोड सोडला, सगळे खाली बसून गेज लावून हवा काढून राहिले आणि हा बोनेटवर बसून रील बनवून राहिला. म्हटलं, काहून बे, तुझी? तर म्हणे, "फोर बाय फोर आहे ना भाऊ, कोण भरत बसन परत?" बरं बाबा. पहिल्याच धोऱ्यावर अर्ध्यात गाडी थांबली. थांबली तिथंच पाय काढून घेतला असता आणि आपल्याच चाकोरीतून सरळ मागं आला असता तरी काम झालं असतं, पण यानं दिला ॲक्सिलेटर, चाकं फिरली, आणि अर्ध्या मिनिटात गाडी डिफरन्शियलपर्यंत (एक्सलच्या मधला गोळा) बसली. पोटच रेतीवर टेकलं की चाकं हवेत असल्यासारखीच, मग कितीही लॉकर (एक्सलची दोन्ही चाकं सोबत फिरवणारं यंत्र) असू दे.

मग फावडं. भर दुपारी. गाडीखालची रेती उपसायची म्हणजे आडवं पडून हातानं ओढावी लागते आणि जेवढी काढली त्याच्या निम्मी परत घसरून येते. आम्ही खोदतोय तोवर या पठ्ठ्यानं घाबरून चारही व्हॉल्व्हच्या पिना काढून हवा सोडून दिली, गेज न लावता, त्यातली एक पिन रेतीत उडाली ती गेलीच. गाडी निघाली खरी, पण निघाल्या निघाल्या यानं स्टिअरिंग फुल कापलं आणि पुढचं डावं टायर रिमवरून उतरलं. हवा बघितली तर दुसऱ्या टायरांत जेमतेम आठ.

आता त्याचा कॉम्प्रेसर. ऑनलाइन घेतलेला, सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा. लावला, घरघर केलं, फ्यूज उडाला. त्या सॉकेटला दहा-पंधरा अँपिअरचा फ्यूज असतो, तिथं मोठ्या टायरचा कॉम्प्रेसर चालतच नाही. कॉम्प्रेसर तोच घ्या जो बॅटरीला क्लिपा लावून चालतो, चालवताना इंजिन सुरू ठेवा, आणि दोन टायर झाले की त्याला गार होऊ द्या, नाहीतर तो स्वतःच बंद पडतो.

उतरलेलं टायर असं बसवलं: जॅकखाली दीड बाय दीड फुटाचा जाड प्लायचा तुकडा (हा माझ्या गाडीत कायम असतो, जॅकपेक्षा मी त्याला जास्त जपतो, कारण रेतीत नुसता जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो). चाक वर घेतलं, रिमच्या कडेची रेती आधी फडक्यानं आणि मग बोटानं साफ केली, एक कण राहिला तरी हवा गळते. टायरच्या गोलाईवरून मधोमध रॅचेटचा पट्टा आवळला म्हणजे टायरच्या कडा बाहेर रिमकडं सरकतात, पिन काढलेल्या व्हॉल्व्हमधून माझ्या कॉम्प्रेसरनं हवा मारली, फट्ट असा आवाज आला की बसलं, पट्टा लगेच ढिला केला. मग पिन लावून 18. यूट्यूबवर डिओ मारून काडी ओढायचं दाखवतात, ते करणाऱ्यानं माझ्या गाडीजवळ उभं राहू नये.

जुन्या जिप्सीवाल्यांनो, तुमच्या टायरात ट्यूब असेल तर फार कमी हवेत टायर रिमवर सरकतं आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून कापला जातो, तेव्हा 18च्या खाली जाऊ नका. आणि पिना जास्तीच्या ठेवा, वीस रुपयाच्या येतात.

निघायच्या दोन दिवस आधी गाडीचं काम करणं

ही माझी दुसरी चीड. लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान) गुरुवारी बसवलं, शनिवारी पहाटे निघालो. काहून? एवढी काय घाई आहे?

गाडी उंच केली की नुसती गाडी उंच होत नाही. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि सगळा ताण क्रॉसवर येतो, ब्रेकचे होज ताणले जातात, शॉकअप कमी लांबीचे पडतात, अलाइनमेंट जाते. टायर मोठे केले की गिअरिंग उंच होतं, क्लच जास्त घासतो, ब्रेक लांब लागतो, स्पीडोमीटर खराखुरा स्पीड दाखवत नाही, कमी दाखवतो. हे सगळं दुरुस्त होतं, पण गाडी चालवून बघितल्यावरच कळतं काय दुरुस्त करायचं ते.

एका मित्राच्या जुन्या थारला नागपूरजवळच्या वाडीतल्या एका गॅरेजनं किट बसवलं, मिस्त्री म्हणे "चालते भाऊ, बिनधास्त जा." पांढुर्ण्यापासूनच ऐंशीच्या वर गाडी थरथरायला लागली. मी म्हटलं थांब, खाली बघू. तर म्हणे टायर नवे आहेत, बॅलन्सिंग असेल. बैतूल गेलं, इंदूर गेलं, उदयपूरला रात्री चहा पिताना पुन्हा म्हटलं, पुन्हा बॅलन्सिंग. जोधपूरच्या पुढं देचू आणि पोखरणच्या मधे खालून टणटण सुरू झालं आणि मग असा दणका बसला की मागच्या गाडीतल्यांनाही ऐकू आला. मागच्या शाफ्टचा क्रॉस गेलेला. कप काढला तर आत ग्रीसचा थेंब नाही, बेअरिंगच्या सुया लाल पावडर झालेल्या, हातावर घेतली तर गंजासारखी.

अशा वेळी करायचं काय, ते लक्षात ठेवा, कामाला येतं. मागची शाफ्ट पूर्ण सोडून काढा आणि गाडीत टाका, अर्धी लटकत ठेवू नका. फोर एचमध्ये (चारही चाकांना जोर द्यायचा गिअर) टाका, गाडी पुढच्या चाकांवर चालते, आणि एकच एक्सल ओढत असल्यामुळं डांबरावरही गिअर आखडत नाही. ज्या गाडीत शाफ्ट सरकवून ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी पेटी) बसते तिथं तोंडातून ऑइल बाहेर येतं, तिथं जाड प्लॅस्टिक आणि होजची क्लिप आवळून बांधा आणि लेव्हल बघत राहा. हळू चालवा, जोर देऊ नका. त्याची गाडी अशीच पोखरणपर्यंत नेली, तिथं ट्रॅक्टरवाल्या मिस्त्रीनं जुळणारा क्रॉस शोधून बसवून दिला. आपल्याकडचा एक क्रॉस सोबत असता तर रस्त्याच्या कडेला दीड तासाचं काम होतं.

माझी सवय अशी की काहीही नवीन लावलं की निदान महिनाभर गाडी इथंच घासायची. काटोल रोड, रामटेककडचे कच्चे रस्ते, सामान भरून, चार माणसं बसवून. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे नट परत आवळायचे, स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट आधी. जे तुटायचं ते नागपुरात तुटू द्या, इथं आपला मिस्त्री फोन उचलतो.

बुलबारबद्दल (बंपरसमोरचा लोखंडी गार्ड) विचारूच नका. डिसेंबर 2017 मध्ये गडकरींच्या खात्यानंच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं, आणि आपण नागपूरचे लोक तोच लावून राजस्थानच्या नाक्यावर हुज्जत घालतो.

टो बॉलला दोर लावणं

यावर गंमत नाही. मागं ट्रेलर ओढायचा जो गोळा असतो त्याला ओढायचा दोर कधीच लावू नका. फसलेली गाडी झटक्यानं ओढताना तो तुटून गोळीसारखा उडतो, जगात माणसं मेली आहेत यानं. दोर चासीला लागलेल्या हुकलाच, शॅकल (दोर अडकवायची कडी) किती वजन झेलते ते रेटिंग लिहिलेलं, इतवारी बाजारात वजनावर मिळणारं नाही. लोखंडी साखळीनं टोचन करा, हळूहळू, डांबरावर, पण रेतीत झटका द्यायला कायनेटिक दोरच लागतो, कारण तो ताणला जातो. दोराच्या मधोमध जुनी सतरंजी नाहीतर जाकीट टाका आणि बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा लांब उभं करा. रील तिथूनही निघते.

विंचवाल्यांसाठी: धोऱ्यावर विंच बांधायला असतं काय? स्टेपनी आडव्या खड्ड्यात पुरून तिला बांधावं लागतं, तेही खोल. आणि खेजडीला बांधायचा विचार करू नका. खेजडी म्हणजे आपली शमी, राजस्थानचा राज्यवृक्ष, 1730 मध्ये खेजडलीत 363 बिश्नोई या झाडांसाठी मेले. तिथल्या माणसासमोर तिला स्टीलचा रोप आवळून बघा काय होते ते.

गरमीचा माज

"आम्ही नागपूरचे, पंचेचाळीसमध्ये राहतो." तू राहतो, तुझा रेडिएटर नाही राहत. रेतीत गाडी स्पीड धरत नाही, इंजिन जास्त फिरतं, समोरून हवा येत नाही, त्यात पाठीमागून वारा असला तर फॅनचं कामही निम्मं होतं, आणि वरून जाळीसमोर लाइट आणि विंच लावून ठेवलेली. इंजिनच्या गरमीचा काटा चढला की एसी बंद, हीटर फुल, गाडीचं तोंड वाऱ्याकडं आणि इंजिन लगेच बंद न करता आयडलला. काटा तरीही उतरला नाही किंवा कूलंट गळताना दिसलं तर मग बंद करा. झाकण गरम असताना उघडायचं नाही, आत दाबाखाली पाणी उकळीच्या वर असतं, उघडलं की तोंडावर. निघण्याआधी रेडिएटर इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं धुवा, वरचा-खालचा होज, फॅनबेल्ट नवे टाका आणि काढलेले जुने फेकू नका, तेच स्पेअर. आणि मुळात नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून तिकडं जाऊ नका.

बाकीचं थोडक्यात.

डिझेल रेतीत जवळपास दुप्पट लागतं असं धरून चाला. पेट्रोल प्लॅस्टिकच्या पाण्याच्या कॅनमध्ये नेणाऱ्याला मी गाडीजवळ चहासुद्धा पिऊ देत नाही.

एअर फिल्टर रोज संध्याकाळी काढा, आतून बाहेर हवा मारा. डिझेलचा फिल्टर एक जास्तीचा, आणि बदलल्यावर हातपंपानं लाइनमधली हवा काढता येते का हे घरीच शिका.

रूफ कॅरिअरवर जड काही नको. धोऱ्यावर तिरकं जायचं नाही, सरळ वर, सरळ खाली.

सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय भारतात चालत नाही, कोणाच्या मामानं दुबईहून आणला असेल तर घरीच ठेवा, बॉर्डरच्या जिल्ह्यात तो सापडला तर ट्रिप ठाण्यात संपते. तनोटच्या पुढं, बॉर्डरकडं, परवानगी लागते. डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये रस्ता सोडायचा नाही, तिथं माळढोक पक्षी जमिनीवर अंडी घालतो. आपल्या वरोऱ्याकडं तो कसा दिसेनासा झाला ते बघितलं ना.

गाडी बंद पडली आणि फोन लागत नाही तर गाडी सोडून चालत निघू नका. गाडी लांबून दिसते, माणूस नाही दिसत. पाणी माणशी दिवसाला पाच लिटर, गाडीचं वेगळं.

आणि शेवटचं. धोरे झाले, सूर्य बुडाला, दालबाटीची भूक लागली म्हणून 15 हवेवरच डांबरावर चढून हॉटेलपर्यंत नव्वदनं जाणारे दर वर्षी भेटतात. कमी हवेत टायरची बाजू दुमडत राहते, आतून तापते, दोरे तुटतात, आणि बाहेरून काही दिसत नाही, ते टायर त्या दिवशी नाही तर परतीत फुटतं. रोड लागला की तिथंच थांबा, चारही चाकं पूर्ण भरा. नाही भरली आणि बैतूलच्या अलीकडं टायर फुटलं, तर रात्री मला फोन करू नका, टोचनवाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा.