मासा आजारी पडलाय? औषधाच्या बाटलीआधी पाणी तपासा

मासा कोपऱ्यात डोकं खाली घालून बसला, खाणं सोडलं, की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. कुणीतरी दुकानातून मिथिलीन ब्लूची बाटली आणून अंदाजाने ओततं, नाहीतर अख्खा टँक रिकामा करून खडी-काचेसकट घासून काढला जातो. दुसरा उपाय पहिल्यापेक्षा वाईट. आपल्याकडे मराठवाड्यात पाणी आज नळाचं, परवा टँकरचं, उन्हाळ्यात बोअरचं. माशाच्या आजाराचं मूळ आधी तिथेच शोधावं.

१. आधी नुसतं बघा

टँकजवळ दहा मिनिटं बसा. सगळेच मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर रोग नव्हे, पाणी बिघडलंय: ऑक्सिजन कमी, माशांच्या घाणीतला अमोनिया जास्त किंवा क्लोरीन. एकाच माशाच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके असतील आणि तो खडीला अंग घासत असेल, तर तो ‘इक’ नावाचा परजीवी. शेपटीच्या कडा विरल्यासारख्या, पांढुरक्या दिसल्या तर फिन रॉट. पोट फुगून खवले उभे राहिले असतील तर ड्रॉप्सी, आणि त्यातून मासे क्वचितच वाचतात.

२. अमोनिया मोजा

दुकानात थेंबांचं टेस्ट किट मिळतं. औषधाच्या आधी ते घ्या. अमोनिया शून्य हवा. लिटरला ०.५ मिलिग्रॅम दिसला तर त्याच दिवशी पाणी बदलायचं. सोबत पीएचही (पाणी आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा) बघा, कारण आकडा तोच असला तरी विषारीपणा सारखा नसतो. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या पुढे जातो. पाणी तापलं की आणखी वाढतो. आपलं बेसाल्टातलं बोअरचं पाणी जड असतं, पीएच बऱ्याच ठिकाणी आठच्या आसपास, आणि मे महिन्यात टँक ३३ अंशांवर. म्हणून पुस्तकातला ‘थोडासा अमोनिया चालतो’ हा सल्ला इथे धरू नका.

३. पाणी बदला, पण सगळं नाही

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खडीत वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नळाखाली स्पंज धुतला की क्लोरीनने हे जिवाणू मरतात, आणि पुन्हा वसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या मधल्या काळात मासे स्वतःच्याच घाणीत गुदमरतात. स्पंज पिळायचाच असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळा.

२ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टँकमध्ये साधारण ५६ लिटर मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता धरा ४८. त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे १६ लिटर, एक बादली. पाण्याची पाळी आठवड्याने येणाऱ्या घरालाही एक बादली परवडते. मासा आजारी असताना एवढं पाणी एक दिवसाआड बदला, अमोनिया खाली येईपर्यंत.

बादली आदल्या रात्रीच भरून ठेवा. नळाच्या किंवा टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेल्या टँकरच्या पाण्यात अँटीक्लोरीन टाका. नुसतं उघडं ठेवायचं तर पूर्ण २४ तास. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण ते थेट ओतू नका; एअर पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड (एअर स्टोन) सोडून रात्रभर हलतं ठेवा, जमिनीखालच्या पाण्यात विरलेला ऑक्सिजन कमी असतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी तीनला घेतलं तर अक्षरशः गरम असतं. त्याने मासा रोगाआधी धक्क्यानेच जायचा. नुसतं जारचं आरओ पाणीही नको, त्यात क्षार नसल्याने पीएच कोसळतो. मात्र उन्हाने उडालेलं पाणी भरायला तेच उत्तम, कारण बोअरचं पाणी वर-वर ओतत राहिलं की क्षार साठत जातात.

४. मीठ

इकवर मी तरी आधी मिठानेच सुरुवात करतो. साधं खडे मीठ, लिटरला २ ग्रॅम. आपल्या टँकला साधारण १०० ग्रॅम. एकदम नाही, तीन भाग करून दीड दिवसात, दर वेळी मगभर पाण्यात विरघळवून. मॉली, गप्पी, गोल्डफिश सहज सोसतात. टेट्रा आणि तळातले कॅटफिश असतील तर निम्मं, आणि जिवंत वनस्पती दुसरीकडे हलवा. मीठ उडून जात नाही, म्हणून जितकं पाणी बदललं तितक्याच पाण्याचं मीठ परत घाला. नायट्राइट वाढलेला असेल तेव्हाही मीठ उपयोगी, त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

ठिपके दिसताना परजीवी माशाच्या कातडीखाली असतो, तिथे मीठ किंवा औषध पोचत नाही. तो गळून तळाशी जातो, तिथे फुटून शेकडो पिल्लं पाण्यात पोहत सुटतात, आणि तीच मरतात. म्हणून ठिपके चौथ्या दिवशी गेले तरी उपाय दहा-बारा दिवस चालूच ठेवायचा. शेजारचा मुलगा ‘काका, ठिपके गेले की, आता बस ना?’ म्हणेल. बस नाही.

५. औषध द्यायचंच तर

मिथिलीन ब्लू वेगळ्या टबात, बाटलीवरच्या प्रमाणातच. मुख्य टँकमध्ये ते फिल्टरचे जिवाणूही मारतं. इतर औषध टँकमध्ये टाकताना फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, नाहीतर तोच औषध शोषून घेतो. दोन औषधं एकत्र करू नका. एक-दोन दिवस खाणं बंद ठेवलं तर मासा मरत नाही, पाणी मात्र सुधारतं.

६. ऊन आणि लोडशेडिंग

इकसाठी पाणी २८-३० अंशांवर न्यायला सांगतात. डिसेंबर-जानेवारीत हीटर लागेल, एप्रिलमध्ये उलट थंड करायची वेळ येते. वरची काच काढून जाळी टाका आणि टेबल फॅन पाण्यावरून वाहू द्या. आपल्या कोरड्या हवेत यानेच दोन-तीन अंश उतरतात. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणून एअर पंप बंद नको. लाइट गेली तर बॅटरीचा पंप. तोही नसेल तर दर अर्ध्या तासाने मगभर पाणी वीतभर उंचीवरून ओता. बंद डब्याचा फिल्टर काही तास थांबला असेल तर आत सडलेलं पाणी टाकून, डबा विसळूनच सुरू करा.

मासा वाचत नाही असं दिसलं तरी त्याला विहिरीत किंवा तलावात सोडू नका, रोग तिथल्या माशांना जातो. काढलेलं साधं पाणी कुंड्यांना उत्तम खत आहे. मिठाचं किंवा औषधाचं असेल तर मोरीत.