जुन्या मालगाडीचा फोटो वाचताना या चुका टाळा

बडोद्यात दांडियाबाजारात मामांच्या घराचा माळा आवरताना ट्रंकेत मालगाड्यांचे फोटो निघाले. पहिली चूक मीच केली. मोबाइलमधल्या अ‍ॅपनं एक फोटो ‘स्वच्छ’ करून घेतला. वाघिणीवरच्या, म्हणजे मालडब्यावरच्या, पुसट अक्षरांच्या जागी त्या अ‍ॅपनं मनानंच नवी अक्षरं रंगवली आणि मी दोन दिवस त्यांचा अर्थ लावत बसलो! आधी मूळ फोटो कडा न कापता स्कॅन करा. मागची बाजूसुद्धा, पेन्सिलीची नोंद असलीच तर तिथं सापडते.

फोटोखालच्या ओळीवर भाबडा विश्वास नको. ‘खंडेराव महाराजांची पहिली गाडी, १८६२’ असं लिहिलंय आणि पुढं वाफेचं इंजिन धूर सोडतंय? मग ओळ चुकली. बडोद्याजवळच्या डभोई–मियागाम मार्गावर १८६२ मध्ये गाडी बैल ओढायचे. इंजिनं नियमित धावू लागली ती १८७३ मध्ये, आणि बडोद्याचे राजे खंडेराव महाराज गायकवाड तर १८७० मध्येच गेले.

वाघिणीवर ‘बी. बी. अँड सी. आय.’ (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे) दिसलं, की लोक फोटो ५ नोव्हेंबर १९५१ च्या आधीचा ठरवून मोकळे होतात. ही कंपनी सामावून घेऊन पश्चिम रेल्वे त्या दिवशी झाली खरी, पण सगळ्या वाघिणी काय एका रात्रीत रंगवल्या? पश्चिम रेल्वेची अक्षरं असतील, तर मात्र फोटो नंतरचाच.

गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ओळखायला बफर बघा, म्हणजे डब्याच्या टोकाला धक्का झेलणारे दांडे. जुन्या ब्रॉडगेज वाघिणीला दोन बाजूंना दोन, मीटर आणि नॅरोगेजला मधोमध एकच. इथं आपण बडोदेकर हमखास घसरतो. एक बफर दिसला की ‘डभोई!’ म्हणून मोकळे. गायकवाडांची मेहसाण्याकडची लाइन मीटरगेज होती, हे विसरतो. डभोईची लाइन तेव्हा नॅरोगेज होती, रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. शेजारी माणूस उभा असेल तर फरक नजरेत भरतो.

निगेटिव्ह उलटी छापली गेलीय का, हे जुन्या सिग्नलचा हात, म्हणजे खांबावरची आडवी फळी, सांगतो. ड्रायव्हरला तो खांबाच्या डावीकडे दिसतो. थांबा-सिग्नलची ती बाजू लाल, त्यावर पांढरा पट्टा. मागची बाजू पांढरी, त्यावर काळा. कृष्णधवल फोटोत लाल रंग काळपट येतो. म्हणून काळपट हात खांबाच्या उजवीकडे दिसला तर समजा, फोटो उलटा आहे.

मामांच्या दिवाणखान्यातला फोटो असाच निघाला. सुलटा छापून आणलाय, पण मामी भिंतीवरच्याला हात लावू देत नाही.